धावते वर्णन, शालेय (बेळगाव सीमाभाग)

धावते वर्णन, शालेय : शाळाशाळांमधील, मुख्यतः हायस्कूलच्या (आठवी ते दहावी) मुलामुलींचे सामने चालू असताना ध्वनिक्षेपकावरून, आणि अलीकडे मोबाइलवरून थेट, केले जाणारे तोंडी वर्णन. बेळगाव शहर व तालुका, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातील मराठी वस्तीत ही प्रथा चांगली रुजलेली आहे. बोलण्यात तिला ‘कॉमेंट्री’ म्हणतात आणि ती करणाऱ्याला ‘माइकवाले’. ‘समालोचक’ हा शब्द निमंत्रणपत्रिकेत आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात भेटतो.

संज्ञा : ‘धावते’ हे विशेषण इंग्रजी ‘रनिंग’चे शब्दशः भाषांतर आहे, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो नामाचा. ‘समालोचन’ हा शब्द संस्कृत ‘लोच्’ (पाहणे) या धातूवरून आलेला असला, तरी मराठीत तो ग्रंथपरीक्षणाच्या अंगानेही वापरला जातो; सर्व बाजूंनी न्याहाळून, सावकाश दिलेला अभिप्राय, असा त्याचा रोख. गडी मध्यरेषेकडे झेपावत असताना अशी सवड कोणाला? त्या दृष्टीने ‘वर्णन’ हा शब्द अधिक नेमका ठरतो, पण रूढीचा कौल ‘समालोचना’च्या बाजूने पडला आहे. कन्नडमध्ये याला ‘वीक्षक विवरणे’ म्हणतात. आकाशवाणीचे धारवाड केंद्र ऐकत वाढलेल्या सीमाभागातील मराठी श्रोत्याच्या कानाला हा शब्द परका नाही; ‘पाहणाऱ्याने केलेले विवरण’ हा त्याचा अर्थही मराठी शब्दापेक्षा वस्तुस्थितीला जवळचा आहे. ‘पुकारणे’ हे क्रियापद मात्र जुने व अस्सल बोलीतले असून लिलाव, दवंडी आणि कुस्तीची जोड या तिन्ही ठिकाणी चालते. उगमाच्या प्रश्नात त्याला महत्त्व आहे.

उगम : याविषयी ढोबळमानाने दोन मते संभवतात. पहिले मत ही प्रथा रेडिओपासून आली असे मानते. भारतात रेडिओवरील क्रिकेटच्या वर्णनाचा आरंभ सामान्यतः १९३४ सालच्या मुंबईतील सामन्यांपासून धरतात व त्याचे श्रेय ए. एफ. एस. तल्यारखान यांना देतात. ते वर्णन इंग्रजीत होते. आकाशवाणीचे धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. त्या वेळी धारवाड व बेळगाव हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात (नंतरचे कर्नाटक) गेले. पुणे केंद्र १९५३ चे, सांगली केंद्र १९६३ चे. पुणे केंद्रावरून बाळ ज. पंडित यांनी मराठी क्रिकेट समालोचन घरोघरी नेले, आणि साठ-सत्तरच्या दशकांत ट्रान्झिस्टर खेड्यापर्यंत पोहोचल्यावर ती शैली शाळेच्या मैदानावरही उतरली, असा या मताचा युक्तिवाद. वर्तमानकाळी क्रियापदे, दर थोड्या वेळाने गुणफलक सांगण्याची सवय आणि ‘तर श्रोतेहो’ हे संबोधन (समोर बसलेल्या प्रेक्षकांनाही!) ही त्याची साक्ष म्हणून दाखवता येतात.

दुसरे मत कुस्तीच्या मैदानाकडे बोट दाखवते. कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ सालचे. बेळगावात आनंदवाडीचा आखाडा प्रसिद्ध आहे, आणि सीमाभागातील गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड आजही भरतात. तेथे हलगीच्या ठेक्यावर जोड पुकारणे, मल्लाचे गाव आणि तालीम सांगणे, वस्तादाचे नाव घेणे आणि मध्येच एखाद्या हौशी प्रेक्षकाने लावलेले बक्षीस जाहीर करणे, हे सारे निवेदकाचे काम असते. रेडिओच्या समालोचकाला यातील एकही काम करावे लागत नाही. शाळेच्या कबड्डी सामन्यात मात्र माइकवाला ही सगळी कामे करतो. खेळाडूची ओळख नावाने न देता गावाने देतो, चढाई चालू असतानाच ‘पुढच्या पकडीला अमुक यांच्याकडून शंभर रुपये’ असे पुकारतो, आणि पकड झाली की शब्द कुस्तीचेच येतात : पट काढला, आस्मान दाखवले, चितपट. या मताची अडचण कालनिर्णयाची आहे. ध्वनिवर्धकाशिवाय हजारोंच्या फडात सलग वर्णन करणे अशक्यप्राय होते. त्यामुळे कुस्तीतले सलग निवेदनही माइक आल्यानंतरचेच, म्हणजे बहुधा रेडिओच्या समकालीन किंवा थोडे मागाहूनचे असावे. त्यापूर्वी होते ते केवळ पुकारणे.

दोन्ही मते एकमेकांना छेदत नाहीत, असे म्हणून हा वाद मिटवण्याकडे कल दिसतो. तरीही शब्दकळा आणि कामाची वाटणी लक्षात घेता ढाचा फडाचा आणि व्याकरण रेडिओचे, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते. गणेशोत्सव मंडळांच्या निवेदनाचा प्रभावही सांगितला जातो. तो साधनांपुरता (तोच मंडप, तोच साउंडवाला) मान्य करण्यास हरकत नाही.

स्पर्धांची रचना : कर्नाटकात शालेय शिक्षण खात्याच्या स्पर्धा साधारणपणे क्लस्टर (जवळपासच्या शाळांचा गट), तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत्या क्रमाने होतात. बेळगाव महसुली जिल्हा एकच असला, तरी शिक्षण खात्याच्या दृष्टीने बेळगाव व चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. परिणामी निपाणीचा संघ चिकोडी जिल्ह्यातून आणि खानापूरचा बेळगाव जिल्ह्यातून खेळतो; त्यांची गाठ विभागीय पातळीपूर्वी पडत नाही. सीमेपलीकडच्या शाळांशी तर तीही पडत नाही. शिनोळी (ता. चंदगड, जि. कोल्हापूर) बेळगावच्या इतके जवळ की बाजारहाटाला लोक बेळगावलाच येतात, पण तेथील हायस्कूलचा संघ महाराष्ट्राच्या साखळीतून जातो. दोन्हीकडची मुले सरकारी स्पर्धेत समोरासमोर यायची, तर ती राष्ट्रीय शालेय स्पर्धेत, दोन राज्यांच्या संघांतून. एरवी ही भेट खासगी स्पर्धांतच होते. युवक मंडळे, सहकारी सोसायट्या, माजी विद्यार्थी संघटना, गावची जत्रा किंवा शाळेचा सुवर्णमहोत्सव ही त्यांची निमित्ते.

धावत्या वर्णनाच्या दृष्टीने हा भेद निर्णायक आहे. खात्याच्या स्पर्धेत माइक असतो तो संघांना बोलावण्यासाठी. ‘मुंदिन पंद्य’ (पुढचा सामना), ‘तंड’ (संघ), मग दोन शाळांची नावे आणि ‘रिपोर्ट टू द टेबल’, एवढ्यावर काम भागते. मराठी वर्णन फुलते ते खासगी स्पर्धांत. सरकारी स्पर्धा ऐन पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास येतात; बेळगावचा पाऊस पाहता अर्धा दिवस मैदानावर भुसा टाकण्यातच जातो. खासगी स्पर्धा बहुधा दिवाळीनंतर, सुगी आटोपल्यावर भरतात आणि प्रकाशझोतात चालतात.

खेळागणिक रीत : कबड्डी हा वर्णनाला सर्वांत सोयीचा खेळ. एक चढाई तीस सेकंदांची; एवढ्या वेळात चढाई करणाऱ्याची ओळख, मागची कामगिरी आणि एखादी कोटी सहज बसते. वर्णनाचा मासला साधारणपणे असा असतो : ‘चढाईला सात नंबर, येळ्ळूरचा गडी. डाव्या कोपऱ्यावर नजर. बोनसवर पाय… दिला का पंचांनी? दिला! आणि आता मध्ये घुसतोय… अरे, साखळी, साखळी! धरला! कंग्राळीच्या पोरांनी गाडीच थांबवली.’ लोण पडले, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद झाला, की दोन जादा गुण आणि हलगी. ‘लोण’, ‘चढाई’, ‘पकड’, ‘गडी’ हे शब्द मराठी असले, तरी ‘बोनस’, ‘टॅकल’, ‘सुपर रेड’ हे शब्द २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीने रुजवले. मुलेही आता तेच बोलतात. ‘हुतूतू’ हे नाव फक्त आजोबांच्या तोंडी उरले आहे.

खोखोची गोष्ट वेगळी. आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर, आणि समोर तीन-तीन जणांच्या तुकडीने उतरणारे बचावपटू. दोन खोंमधील अंतर कित्येकदा दोन-तीन सेकंदांचेही नसते; पाठलाग करणाऱ्याचे नाव उच्चारेपर्यंत तो खाली बसलेला असतो. म्हणून मुरलेला माइकवाला पाठलाग करणाऱ्यांचा नाद सोडतो आणि बचावपटूला धरून राहतो : कोण आत आहे, किती वेळ टिकला, खांब कधी गाठला. दोन वाक्यांच्या मध्ये नुसते ‘खो… खो… खो’ म्हणत ठेका धरायचा, ही युक्ती सर्वांच्या तोंडी आहे. सूर मारून गडी टिपला की मात्र आवाज फुटतोच. कबड्डीवर बोलणारे पुष्कळ. खोखोवर चांगले बोलणारे मोजके, आणि ते बहुतेक स्वतः कधीतरी खांबापाशी लोळलेले असतात.

फुटबॉल हा शहराचा, त्यातही कॅम्प भागाचा खेळ. छावणी, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आणि १८५६ साली स्थापन झालेली सेंट पॉल्स शाळा यांनी तो जोपासला; फादर एडी यांच्या स्मरणार्थ होणारी आंतरशालेय स्पर्धा त्याच परंपरेतली. तेथे सलग वर्णनाची चाल फारशी नाही. बाजूरेषेवरून होणारी आरडाओरड तेवढी असते. मैदानी स्पर्धांत (धावणे, उडी, फेक) वर्णन म्हणजे निकालाची घोषणा.

वर्णनकार : बहुतेक जण शिक्षक असतात, पण क्रीडाशिक्षक क्वचितच, ते पंच म्हणून अडकलेले असतात. मराठीचे शिक्षक, ग्रामपंचायतीतील हौशी कार्यकर्ते, नाट्यमंडळातील नट आणि येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा यांसारख्या गावांतील साहित्य संमेलनांचे सूत्रसंचालन करणारे, हे नेहमीचे माइकवाले. मानधन नाममात्र, नारळ, शाल, फेटा आणि रात्रीचे जेवण. आपल्या शाळेचा संघ मैदानात असताना माइक दुसऱ्याकडे द्यावा, हा अलिखित संकेत आहे. तो नेहमी पाळला जातो असे नाही.

भाषा : वर्णनाची मुख्य भाषा मराठी, पण ती बेळगावी वळणाची. प्रेक्षकांत कन्नड शाळेचे समर्थक असतील, तर गुण दोन्ही भाषांत सांगतात आणि पंचांचा निर्णय इंग्रजीत. सीमाप्रश्नाच्या छायेत ही तडजोड नाजूक मानली जाते. बॅनर, बक्षिसांचे फलक आणि स्वागतकमानी यांवरील लिपीवरून वाद होतात; माइकवरच्या बोलण्यावरून त्या मानाने कमी, कदाचित बोललेले लिहिल्यासारखे टिकत नाही म्हणून.

साधने व कायदा : तारेचा माइक, अँप्लिफायर आणि झाडाला किंवा खांबाला बांधलेले दोन कर्णे एवढ्यावर कित्येक वर्षे काम भागले. माइकची तार जेथवर पुरेल तेथवरच वर्णनकार जाऊ शके, म्हणून जुनी वर्णने एकाच बाजूने पाहिलेली आहेत. पलीकडच्या कोपऱ्यातील पकड ‘तिकडे काहीतरी झालंय’ एवढ्यात उरकली जाई. बिनतारी माइकने हे बदलले. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. प्रकाशझोतातील अंतिम सामना दहाच्या आत बसवण्याची धावपळ होते ती यामुळे. याच नियमांत शैक्षणिक संस्थांभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून राज्य सरकारला जाहीर करता येतो. शाळेच्या मैदानावरचे शाळेचेच वर्णन या कलमाशी कसे जुळवायचे, हा प्रश्न सहसा कोणी काढत नाही.

थेट प्रक्षेपण : नव्वदच्या दशकात केबल आली आणि स्थानिक वाहिन्यांवर अंतिम सामन्यांच्या चित्रफिती दिसू लागल्या. के.एल.ई. संस्थेच्या ‘वेणुध्वनी’सारख्या सामुदायिक रेडिओला (९०.४ मेगाहर्ट्झ) पल्ला कमी असतो, पण शाळेच्या सामन्याला त्याहून मोठा लागतही नाही. आता काम चालते ते यूट्यूबवर. तिवईवर बसवलेला मोबाइल, माइकच्या मिक्सरमधून काढलेली एक वायर आणि गुणफलक टंकणारा दहावीचा एखादा मुलगा. पाहणाऱ्यांत पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला कामाला गेलेले गावकरी पुष्कळ असतात, आणि खालच्या ओळीत त्यांनी जाहीर केलेली बक्षिसे माइकवाला वाचून दाखवतो. फडातली रीत अशी मोबाइलपर्यंत आली. खेळाडू अठरा वर्षांखालील असल्याने २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातील पालकांच्या संमतीची तरतूद येथे कितपत लागू होते, हा चर्चेचा विषय आहे.

वर्तमानपत्रे : बेळगावचे तरुण भारत (स्थापना १९१९, संस्थापक बाबूराव ठाकूर) आणि इतर दैनिकांच्या स्थानिक पानांवर शालेय निकाल नियमित येतात. बातमीचा साचा ठरलेला : विजेता संघ, ‘जिल्हा पातळीवर निवड’, मग मुख्याध्यापक व क्रीडाशिक्षकांचे ‘मार्गदर्शन लाभले’. छायाचित्रात खेळाडू पुढे उकिडवे बसलेले आणि संचालक मंडळ मागे उभे. ही कात्रणे शाळेच्या कार्यालयातील काचेच्या फलकात वर्षानुवर्षे पिवळी पडत राहतात, आणि जुन्या संघांचा माग काढायचा तर तेच उपयोगी पडतात.

मुलींचे सामने : खोखो, थ्रोबॉल आणि कबड्डीत मुलींचे संघ तितकेच आहेत. त्यांचे सामने बहुधा दुपारच्या उन्हात लावतात, आणि माइकवाला तेव्हा जेवायला गेलेला असतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खोखो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी नेपाळला हरवून विजेतेपद मिळवले. त्यानंतर काही ठिकाणी मुलींचा अंतिम सामनाही रात्रीच्या प्रकाशझोतात घेऊ लागले आहेत.

कारवार–सुपा आणि बिदर–भालकी या सीमाभागातील इतर पट्ट्यांत माइक आहे, पण वर्णन कन्नड, कोकणी किंवा दखनी हिंदीकडे झुकते.