पार्श्वभूमी : पाच ताऱ्यांमागची सत्तर वर्षं

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते नाक्यावरच्या डॉक्टरांचं दहा-बारा खाटांचं रुग्णालय. बाळंतपण, अपेंडिक्स, दोन दिवसांचं सलाइन आणि घरी. १९४९च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्यालाही असंच ठिकाण अभिप्रेत होतं. अमेरिकेत मात्र हा शब्द म्हाताऱ्या माणसांना दीर्घकाळ सांभाळणाऱ्या जागेसाठी वापरतात. आपला वृद्धाश्रम याच्या जवळ जातो, पण वृद्धाश्रमात रोज सकाळी फिरायला जाणारे आजोबाही असतात. तिथल्या नर्सिंग होममध्ये बहुतेक जण अंघोळीपासून शौचापर्यंत दुसऱ्याच्या हातावर अवलंबून असतात.

यातल्या बहुतेक ‘होम’ना अमेरिकेचं सरकार आज एक ते पाच तारे देतं, आणि ते कुणालाही घरबसल्या पाहता येतात. तिकडे राहणारी मराठी मुलं पुण्या-नाशकात आईवडिलांसाठी जागा शोधायला लागली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘रेटिंग काय?’ प्रश्न रास्त आहे. पण ते तारे जिथून आले तिथली हकिकत कळली, तर तो प्रश्न थोडा वेगळा विचारावासा वाटेल.

ही गोष्ट १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्यापासून सुरू होते. त्याआधी निराधार म्हाताऱ्यांची रवानगी सरकारी पुअरहाउसमध्ये, म्हणजे कंगालखान्यात व्हायची. ते बंद पडावेत म्हणून कायदा करणाऱ्यांनी एक पाचर मारली : सरकारी संस्थेत राहणाऱ्याला वृद्धत्वाचं अर्थसाहाय्य मिळणार नाही. म्हातारी माणसं मग ते पैसे घेऊन खासगी घरांत पैसे भरून राहायला गेली. कुणी घरमालकिणीने चार खोल्या भाड्याने दिल्या, जोडीला एक परिचारिका ठेवली आणि धंदा उभा राहिला. कंगालखाना गेला आणि त्याच्या जागी असं काहीतरी आलं ज्यावर कुणाचीच नजर नव्हती. १९५०च्या दुरुस्तीने राज्यांना सांगितलं की अशा गृहांना परवाने देण्याची यंत्रणा उभी करा. १९५४पासून रुग्णालयं बांधण्यासाठीचा केंद्राचा निधी ना-नफा गृहांनाही मिळू लागला, आणि त्या निधीसोबत रुग्णालयाचा आराखडाही आला : लांबलचक मार्गिका, दोन्ही बाजूंना खोल्या, मध्ये परिचारिकांचं टेबल. तपासणी म्हणजे दारं किती रुंद, बाहेर पडायच्या वाटा किती, स्वयंपाकघर स्वच्छ आहे का. इमारत मोजता येते, म्हणून इमारत मोजली गेली.

१९६५मध्ये मेडिकेअर (वृद्धांसाठी) आणि मेडिकेड (गरिबांसाठी) या सरकारी आरोग्यविम्याच्या योजना आल्या आणि सरकारी पैशाचा ओघ सुरू झाला. पैशाबरोबर निकषही होते, पण बहुतेक गृहं त्यात बसेनात. सगळ्यांना नाकारावं तर म्हातारी माणसं ठेवायची कुठे? तेव्हा ‘बऱ्याच अंशी पूर्तता’ अशी एक सवलत काढण्यात आली. पुढे सुधारू एवढ्या बोलीवर मान्यता मिळाली. ही बोली किती वर्षं चालली असेल, ते सरकारी कामाची सवय असलेल्या वाचकाला सांगायला नको.

जानेवारी १९७०मध्ये ओहायोतल्या मॅरिएटा गावी एका नर्सिंग होमला आग लागली. गालिच्याच्या धुराने गुदमरून तीसहून जास्त म्हातारी माणसं गेली. सिनेटर फ्रँक मॉस यांची उपसमिती आधीपासून सुनावण्या घेत होतीच. तिचं आता लोक ऐकू लागले. १९७१मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी आठ कलमी कार्यक्रम जाहीर केला, निरीक्षक वाढले, अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. आगीने मरायचं भय कमी झालं. पण पाठीला जखमा होऊन, अंथरुणाला खिळून मरणं चालूच राहिलं, कारण ते कुठल्या रकान्यात बसत नव्हतं.

हा रकान्यांचा प्रश्न नीट मांडला तो अवेडिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी. जन्म बेरूतचा, घराणं आर्मेनियन, नोकरी मिशिगन विद्यापीठात. १९६६मधल्या एका दीर्घ लेखात त्यांनी वैद्यकीय सेवेची गुणवत्ता तीन ठिकाणी पाहता येते असं म्हटलं : रचना, प्रक्रिया आणि फलित. उदाहरण घ्यायचं तर अंथरुणावरच्या आजींचं घ्या. त्यांना हवेची गादी दिलेली आहे, ही रचना. दर दोन तासांनी कूस बदलली जाते, ही प्रक्रिया. आणि चादर बाजूला केल्यावर माकडहाडावरची कातडी शाबूत दिसते, हे फलित. यातली पहिली गोष्ट खरेदीच्या पावतीवरून कळते. दुसरी वहीतल्या सह्यांवरून कळते असं आपण मानतो. रात्रपाळीच्या मावशींनी पहाटे पाच वाजता एका बैठकीत सगळ्या रात्रीच्या सह्या केलेल्या असू शकतात. तिसरीसाठी चादर उचलावीच लागते. अमेरिकेतली तपासणी तेव्हा पहिल्या पायरीवर घट्ट बसलेली होती.

ती तिथून हलली कोलोरॅडो राज्यातल्या एका दाव्यामुळे. १९७५मध्ये तिथल्या नर्सिंग होममधल्या रहिवाशांच्या वतीने हा दावा दाखल झाला. त्यात केंद्र सरकारच्या तपासणीचे फॉर्म न्यायालयासमोर आले आणि लक्षात आलं की त्यातले प्रश्न जवळजवळ सगळे एकाच साच्याचे आहेत : हे गृह काळजी देऊ शकतं का? तशी लेखी योजना आहे का? तसा माणूस नेमलेला आहे का? काळजी प्रत्यक्ष मिळते का, हे विचारायची तसदी फॉर्म घेत नव्हता. १९८४मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की ज्या गृहांना सरकार पैसे देतं, तिथे चांगली काळजी प्रत्यक्षात दिली जाते की नाही, हे माहीत करून घेणं सरकारचं कर्तव्य आहे. ‘देऊ शकतं’पासून ‘देतं’पर्यंत यायला दावा नऊ वर्षं चालावा लागला.

त्याच सुमारास रेगन सरकारने नियम सैल करायचा घाट घातला होता. त्यावर इतकी ओरड झाली की तो बेत मागे घेऊन सगळा विषय इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या सल्लागार संस्थेकडे अभ्यासाला द्यावा लागला. १९८६मध्ये त्यांचा अहवाल आला. पण या साऱ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याआधीच्या वर्षीचं एक काम. एल्मा होल्डर यांनी उभारलेल्या एका नागरिक संघटनेने पंधरा शहरांतल्या चारशेहून अधिक रहिवाशांना थेट विचारलं, ‘तुमच्या मते चांगली काळजी म्हणजे काय?’ उत्तरांत सर्वांत वर होती ती माणसं. काम करणारी माणसं कशी बोलतात, कशी हात लावतात, हाक मारल्यावर येतात की नाही. त्यानंतर जेवण, आणि छोट्या छोट्या गोष्टी स्वतः ठरवता येणं. इमारतीला फारसं कुणी विचारलं नव्हतं.

डिसेंबर १९८७मध्ये रेगन यांच्याच सहीने नर्सिंग होम सुधारणा कायदा झाला. प्रत्येक रहिवाशाला शरीराने, मनाने आणि माणसांत मिसळण्याच्या दृष्टीने शक्य तितक्या उत्तम स्थितीत ठेवणं ही गृहाची जबाबदारी ठरली. तपासणी न कळवता होऊ लागली, दोन तपासण्यांत पंधरा महिन्यांहून जास्त अंतर नको अशी अट आली. मदतनिसांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. आणि सोयीसाठी माणसाला बांधून ठेवायला बंदी आली. तोवर दहापैकी जवळपास चार रहिवासी पट्ट्याने, जाकिटाने किंवा उठता न येणाऱ्या खुर्चीत अडकवलेले असत, आणि कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं : पडतील ना! सोडलं म्हणून पडून मोडण्याचं प्रमाण भयंकर वाढेल हे भाकीत खरं ठरलं नाही. बांधलेल्यांचं प्रमाण पुढे अगदी नगण्य झालं. मोजमापाच्या या साऱ्या इतिहासात निखळ यश म्हणावं असं हे एक.

याच कायद्यातून एक भलामोठा तक्ता जन्माला आला, ‘मिनिमम डेटा सेट’. गृहात आल्यावर चौदा दिवसांत, मग दर तीन महिन्यांनी प्रत्येक रहिवाशाचा भरायचा : स्वतः जेवतो का, लघवीवर ताबा आहे का, वजन घटलं का, जखम आहे का, उदास दिसतो का. देशभरातल्या सगळ्या रहिवाशांची अशी एकसारखी नोंद त्याआधी झाली नव्हती. यात खुद्द रहिवाशाशी बोलून भरायचे प्रश्न मात्र २०१०च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. कपडे स्वतः निवडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, असा एक प्रश्न त्यात आहे. अडचण एवढीच की हा तक्ता भरतं गृह स्वतः.

आणि तारे बेतले गेले ते बरेचसे याच तक्त्यावर. १९९८मध्ये गृहांची माहिती इंटरनेटवर आली, २००२मध्ये तक्त्यातून काढलेले गुणवत्तेचे आकडे आले आणि डिसेंबर २००८मध्ये हॉटेलांसारखे पाच तारे. हिशेब तीन गोष्टींचा : सरकारी तपासणी, कर्मचारी किती, आणि तक्त्यातले आकडे. तपासणीचे तारे राज्याच्या आतल्या स्पर्धेवर मिळतात. वरचे दहा टक्के पाच तारे घेतात, तळाचे वीस टक्के एक, उरलेले मधले. म्हणजे एका राज्यातले चार तारे आणि शेजारच्या राज्यातले चार तारे एकच नव्हेत, आणि सगळेच खालावले तरी वरच्या दहा टक्क्यांना पाच तारे मिळणारच.

बाकीच्या दोन बाजू गृहांनीच कळवायच्या होत्या. मग व्हायचं तेच झालं. तपासणीत मार खाल्लेली गृहं कर्मचारी आणि आकड्यांच्या जोरावर वर चढू लागली. २०१४मध्ये वर्तमानपत्रांनी हे चव्हाट्यावर मांडलं. २०१६पासून कर्मचाऱ्यांचे तास गृहांच्या सांगण्यावरून न घेता पगारपत्रकावरून घ्यायला लागले, तेव्हा शनिवार-रविवारी किती कमी माणसं कामावर असतात ते उघडं पडलं. शनिवार-रविवारचे आकडे ताऱ्यांच्या हिशेबात यायला मात्र २०२२ उजाडलं. झोपेत ठेवणाऱ्या मानसोपचाराच्या गोळ्यांचंही असंच. त्यांचा वापर मोजायला लागल्यावर काही गृहांत स्किझोफ्रेनियाचं निदान वाढलं, कारण त्या आजाराचे रुग्ण या मोजणीतून वगळलेले होते. सत्तरी ओलांडल्यावर हा आजार नव्याने क्वचितच जडतो. २०२३मध्ये या निदानांची सरकारी तपासणी सुरू झाली. फेब्रुवारी २०२०मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड इथल्या ज्या नर्सिंग होममध्ये कोव्हिडचा अमेरिकेतला पहिला मोठा उद्रेक झाला, त्याला तेव्हा पाच तारे होते.

माणसं किती लागतात, हे २००१च्या एका सरकारी अभ्यासाने सांगून ठेवलं होतं : दर रहिवाशामागे दिवसाला सुमारे ४.१ तास. तेवीस वर्षांनी, २०२४मध्ये, किमान ३.४८ तासांचा नियम आला. एप्रिल २०२५मध्ये टेक्सासमधल्या न्यायालयाने तो रद्द केला आणि त्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्याची अंमलबजावणी २०३४पर्यंत रोखून धरली. आणि १९८५मध्ये विचारलेल्या त्या प्रश्नाचं काय झालं? रहिवासी आणि त्यांचे नातेवाईक समाधानी आहेत का, याचा ताऱ्यांत आजही समावेश नाही. तो करा, असं २०२२मध्ये राष्ट्रीय अकादमीच्या अहवालाने पुन्हा एकदा सुचवलं.

आपल्याकडची गोष्ट अजून परवान्याच्या पायरीशी घुटमळते आहे. २००७च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याचं १९वं कलम प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा असं म्हणतं, पण भाषा ‘उभारता येईल’ अशी आहे. २०१८च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला आधी जिल्हावार वृद्धाश्रम किती आहेत तेच विचारावं लागलं. २०१९मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने निवृत्तांच्या वसाहतींसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत रॅम्प, लिफ्ट, कठडे असं बरंच काही आहे. म्हणजे पुन्हा इमारत.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. खासगी वृद्धाश्रमांची आणि घरी मावशी-मामा पुरवणाऱ्या संस्थांचीही नोंदणी, आणि केंद्र ठरवील ती किमान मानकं, असं त्यात होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, परत आलं, आणि २०२४मध्ये लोकसभेबरोबर विसर्जित झालं. ती किमान मानकं कोणती, हे लिहायची वेळच आली नाही.