गोल्फ बॅगचं बूड: उभी राहणारी पिशवी आली कुठून

स्टँड बॅग, म्हणजे पाय फाकून आपली आपण उभी राहणारी गोल्फची पिशवी, म्हटली की बघणाऱ्याचं लक्ष त्या दोन बारक्या पायांकडेच जातं, आणि दुकानदारही पायच उघडून दाखवतो, खटकन उघडले की गिऱ्हाईक खूश. पण बॅग उभी राहते की कलंडते हे निम्म्याहून जास्त खालच्या बुडावर ठरतं आणि त्या बुडाकडे कोणी वाकून बघत नाही. या पिशवीचा मागचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा प्रवास चाळला तर मला एक गोष्ट सारखी दिसते, ती म्हणजे पिशवी धरायला कोणीतरी माणूस किंवा गाडी असली की बुडाचा विचार कोणी करत नाही, आणि धरणारा गेला की मग सगळ्यांना आठवतं की अरे, ही ठेवायची कुठे.

मुळात बरीच वर्षं पिशवीच नव्हती. स्कॉटलंडमध्ये कॅडी, म्हणजे खेळणाऱ्याचं सामान वाहणारा माणूस, चार-सहा काठ्या, म्हणजे क्लब, तशाच काखेत मारून चालायचा, जुन्या चित्रांत तसेच दिसतात ते. चेंडू होता चामड्यात पिसं ठासून भरलेला, महागडा आणि नाजूक, लोखंडी क्लब जोरात लागला की फाटायचा, म्हणून काम बहुतेक लाकडी क्लबवर चालायचं. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या घट्ट चिकाचा, चेंडू आला, तो स्वस्तही होता आणि दणकटही, त्यामुळे लोखंडी क्लब बिनधास्त वापरता यायला लागले आणि काठ्यांची संख्या वाढत गेली. आता आठ-नऊ काठ्या काखेत धरायच्या आणि फटक्याच्या वेळी ओल्या गवतावर टाकायच्या म्हटल्यावर चामड्याच्या मुठी भिजणार, मुठी भिजल्या की हातातून निसटणार. पिशवीची गरज इथून आली, वाहून न्यायला सोपं पडावं म्हणून नाही तर मुठी कोरड्या राहाव्यात म्हणून.

इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर वेस्टवर्ड हो नावाच्या गावात १८६४ साली निघालेला एक जुना क्लब आहे, आणि पहिल्या पिशव्या तिथे एका शिडं शिवणाऱ्याने शिडाच्या कापडाच्या शिवून दिल्या अशी गोष्ट सांगतात. गोष्ट तंतोतंत तशीच घडली असेल का ते सोडा, पण पटते मात्र लगेच, निदान आपल्या कोकणातल्या माणसाला तरी, कारण ज्या किनाऱ्यावर गलबतं आणि मचवे होते तिथे पाण्याला दाद न देणारं जाड कापड आणि ते शिवायचे दाभण-दोरे हाताशी असणारच. या पिशव्या म्हणजे नुसती नळी, खाली चामड्याचं गोल बूड, वर एक पट्टा. उभी ठेवायचा प्रश्नच नव्हता, कॅडी होता ना.

पण १८९० च्या दशकात इंग्लंडमध्येच ऑसमंड नावाच्या माणसाच्या पेटंटची एक वस्तू बाजारात आली, तिचं नावच ‘ऑटोमेटन कॅडी’. मला या सगळ्या इतिहासात ही वस्तू सगळ्यात आवडते. लाकडी पट्ट्यांची चौकट, पितळी जोड, उचलायला चामड्याची मूठ, चेंडूंसाठी छोटा खिसा, काठ्यांची मुठीकडची टोकं अडकवायला खाली कॅनव्हासची थैली, आणि जमिनीवर टेकवली की पाय फाकून उभी राहणार. म्हणजे आजच्या स्टँड बॅगमधली मुख्य कल्पना तेव्हाच होती. नावावरूनच कळतं की हे कोणासाठी होतं, ज्याला कॅडी परवडत नाही किंवा नको आहे त्याच्यासाठी. आज लिलावात या चौकटी जुन्या वस्तूंच्या हौशी लोकांकडे जातात, खेळायला कोणी नेत नाही, पण फोटो मिळाला तर तिचं बूड नक्की बघा. लाकडी चौकट जमिनीवर रुंद बसते.

मग हे मागे का पडलं? कारण कॅडी स्वस्त होते आणि काठ्या वाढत गेल्या. चिक इव्हान्स या अमेरिकन खेळाडूने १९१६ ची यूएस ओपन स्पर्धा फक्त सात क्लबवर जिंकली होती, पण १९२० नंतर लाकडी दांड्यांच्या जागी स्टीलचे शाफ्ट आले, एकसारखे सेट कारखान्यात बनायला लागले आणि दुकानदारांना काय, जितके जास्त विकतील तितकं बरं, वीस-पंचवीस क्लब घेऊन खेळणारे लोक झाले. पिशव्या फुगत गेल्या, वाहणाऱ्याचे खांदे गेले. शेवटी गोल्फचे नियम करणाऱ्या संस्थांनी, अमेरिकेच्या यूएसजीएने १९३८ पासून आणि स्कॉटलंडच्या आर अँड ए ने १९३९ पासून जास्तीत जास्त चौदा क्लबची मर्यादा घातली, ती अजून चालू आहे. बॅगच्या डिझाइनवाल्याला हा आकडा म्हणजे वरदान, कारण कमाल वजन किती धरायचं ते पक्कं झालं.

आपल्याकडे तर कॅडीचंच राज्य होतं. कोलकात्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना, मुंबईत १८४२ मध्ये रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब निघाला होता, पुढे १९१८ मध्ये विलिंग्डन आणि १९२७ मध्ये चेंबूरचा प्रेसिडेन्सी. या सगळ्या ठिकाणी साहेब पुढे आणि पिशवीवाला मागे. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, साहेब चेंडू हळूच ढकलत असेल तर पिशवी याच्या खांद्यावर, किंवा सरळ गवतावर आडवी. पाय असलेली पिशवी लागतेच कशाला. आता खारघरला सिडकोचं गोल्फ कोर्स झालंय, मुंबईच्या टोकाला कुलाब्यात समुद्राला लागून युनायटेड सर्व्हिसेस क्लबचं आहे, आणि आपली बॅग आपणच उचलून चालणारी तरुण मंडळी हळूहळू दिसायला लागली आहेत. म्हणूनच हा विषय आत्ता काढला.

अमेरिकेत १९५० च्या दशकात बॅटरीवर आणि पेट्रोलवर चालणाऱ्या गोल्फ कार्ट आल्या आणि कॅडी मागे पडला, तर त्याची जागा गाडीने घेतली. पिशवी मागच्या कप्प्यात पट्ट्याने आवळली की झालं. परत बुडाचा विचार बंद. त्या काळातली बुडं बघा, सपाट गोल ताटली, बास. पायी खेळणाऱ्यांसाठी अधूनमधून घडीचे पाय, जमिनीत खुपसायची खुंटी असले प्रकार निघत राहिले, पण जमलं असं म्हणण्यासारखं काही नाही.

जमलं ते १९८० च्या दशकात. मोंटाना राज्यात मिझूला इथे रिक रेमर्सने १९८१ मध्ये सन माउंटन नावाची कंपनी काढली होती, डोंगरात फिरणाऱ्यांच्या सॅकसारख्या हलक्या नायलॉनच्या गोल्फ बॅगा करणारी, आणि १९८६ मध्ये त्यांनी ‘एक्लिप्स’ नावाची बॅग आणली ज्यात पाय बॅगेतच बसवलेले होते. तिथून स्टँड बॅग हा वेगळा प्रकारच झाला, पिंग कंपनीची हूफर वगैरे मंडळी त्याच वाटेने पुढे आली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इझो कंपनीचा दोन खांद्यांवर घ्यायचा पट्टा आला आणि मग पायी चालणाऱ्याला तक्रारीला जागाच उरली नाही. पट्टा सॅकसारखा, पाय आपोआप, वजन दोन-अडीच किलो.

आता ही यंत्रणा चालते कशी ते जरा जवळून बघू, कारण आजच्या बुडाचा आकार तिच्यातूनच आलाय. बुडाचा खालचा भाग एकसंध नसतो, त्याला एका बाजूला बिजागरी असते किंवा प्लॅस्टिकच तिथे पातळ केलेलं असतं. बॅग टेकवून पायांच्या बाजूला जराशी झुकवली की बूड त्या रेषेवर मुडपतं, मुडपताना एक स्प्रिंगच्या तारेसारखी सळई वर ढकलली जाते, ती सळई बॅगच्या अंगाने वरपर्यंत गेलेली असते आणि तिचं वरचं टोक दोन्ही पायांच्या जोडाला असतं, त्यामुळे पाय बाहेर फेकले जातात. उचलली की सळईच्या ताणाने पाय परत अंगाला. कुठे बटण नाही, खटका नाही. फार हुशार काम आहे हे, पण सगळा भार येतो त्या बिजागरीवर आणि सळईच्या खालच्या खोबणीवर.

रत्नागिरीकडे माझ्या ओळखीचे एक फॅब्रिकेशनवाले काका आहेत, गेट-ग्रिल-होडीचं सामान सगळं करतात, त्यांच्याकडे अशी एक मोडकी बॅग दुरुस्तीला आली तेव्हा मी पायांचे अल्युमिनियमचे पाइप कौतुकाने हातात घेऊन बघत होतो तर म्हणाले, “पाय काय, कोण पण करील रे. बूड दाखव आधी.” उलटी करून बघितली तर बिजागरी दोन्ही टोकांना चिरत गेलेली, आणि सळई खोबणीतून सुटून आतल्या अस्तराला घासत होती. पाय नवेकोरे. काकांनी कोपऱ्यातला ओळंबा काढून बॅगेला लावला आणि मग पुढचा अर्धा तास गणित.

ते गणित असं. क्लबचं वजन डोक्याकडच्या टोकाला असतं आणि बॅगेत डोकी वर. ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबचं, डोकं साधारण २०० ग्रॅम, वेजचं, म्हणजे जवळच्या उंच फटक्याच्या लोखंडी क्लबचं, ३०० च्या आसपास, मुठीचं रबर जेमतेम ५०. लोखंडी क्लब बोटावर तोलून बघितला तर तोल मुठीपासून पाऊण लांबीवर सापडतो. चौदा क्लब मिळून साडेपाच-सहा किलो, म्हणजे बॅगेच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि सगळं वरच्या अंगाला. समजा झुकलेल्या बॅगेचा एकूण गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटीमीटर उंच आहे आणि ओळंबा बूड आणि पाय यांच्या बरोबर मधे पडतो, दोन पायांतलं अंतर ५५ सेंटीमीटर. आता बूड गोल असेल तर झुकल्यावर ते एकाच बिंदूवर टेकतं, टेकूचा आकार झाला त्रिकोण, ओळंब्यापाशी त्याची रुंदी साडेसत्तावीस, म्हणजे बाजूला जायला पावणेचौदा सेंटीमीटर, साधारण पंधरा अंश कलली की गेली. तेच बुडाची पुढची कड सरळ आणि २२ सेंटीमीटर रुंद ठेवली तर त्रिकोणाचा समलंब झाला, तिथली रुंदी साडेअडतीस, आणि बॅग वीस-एकवीस अंशांपर्यंत तग धरते. पाय तेच, लांबी तीच, खर्च वाढला नाही, नुसती बुडाची कड बदलली.

यात एक गोम आहे. देवघरात शंखाची अडणी तीन पायांची असते, ती कुठेही ठेवा, शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवर सुद्धा कधी डुगडुगत नाही, कारण तीन टेकू कुठल्याही जमिनीवर बसतातच. सरळ कड म्हणजे दोन टेकू, वर दोन पाय, असे चार झाले की डुगडुग आलीच. म्हणजे गोल बूड डुगडुगत नाही पण लवकर कलंडतं, सरळ बूड उशिरा कलंडतं पण खडबडीत जमिनीवर हलतं. आजच्या चांगल्या बॅगांत कड सरळ पण मधे किंचित आत घेतलेली, खाली मऊ रबर, आणि बिजागरीत मुद्दाम थोडी ढिलाई ठेवलेली असते. ही ढिलाई बघून लोक म्हणतात माल हलका आहे. नाही हो, ती हवीच.

आपल्या किनाऱ्यावर याला अजून चार गोष्टी चिकटतात. एक म्हणजे वारा. दुपारनंतर समुद्रावरून जो वारा सुटतो तो बॅगच्या अंगावर आडवा आला तर वरचा सगळा तोल एका बाजूला, त्यामुळे बॅग ठेवताना वारा बुडाच्या मागून पायांकडे जाईल अशी ठेवायची, आडवी नाही. उताराचंही तेच, उताराला आडवी ठेवलेली बॅग सगळ्यात आधी पडते आणि खारघरसारख्या डोंगराच्या कुशीतल्या कोर्सवर सपाट जागा शोधावी लागते. मग पाऊस, इकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, जमीन मऊ झाली की बारके पाय रुततात आणि तेही सारखे रुतत नाहीत, एक जास्त एक कमी, म्हणून पायाच्या रबरी टोप्या जरा पसरट हव्यात. जांभ्याच्या पार्किंगमध्ये त्याच टोप्या झिजून महिन्या-दोन महिन्यांत आतला पाइप बाहेर येतो ते वेगळंच.

आणि खारी हवा. बाहेरून दिसणारे पाय अल्युमिनियमचे, त्यांना फार होत नाही, पण आतली सळई साध्या स्प्रिंग स्टीलची असली तर दोन पावसाळ्यांत तिला तांबेरा चढतो, ती खोबणीत घासायला लागते, जोर जास्त लागतो, आणि तो जास्तीचा जोर बिजागरी फाडतो. काकांकडच्या बॅगेचं हेच झालं होतं. अल्युमिनियमला लोखंडी रिव्हेट मारला असेल तर खाऱ्या ओलाव्यात त्या जागी दोन धातूंची जुंपते आणि रिव्हेटभोवतीचं अल्युमिनियम पांढरी पूड होऊन गळतं. होडीवाल्यांना हे वर्षानुवर्षं माहीत आहे, ते ३१६ नंबरचं स्टेनलेस मागतात, ३०४ चालत नाही म्हणतात, कारण ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि मिठाला ते जास्त टिकतं. अमेरिकेच्या कोरड्या डोंगरात जन्मलेल्या डिझाइनला याची फिकीर नसणं साहजिक आहे.

सध्या चाललेला नवीन प्रकार म्हणजे हायब्रिड, जी खांद्यावरही घेता येते आणि कार्टवर किंवा तीनचाकी ढकलगाडीवरही बसते. यातून बुडाला नवीन दुखणं लागलं. गाडीचा खालचा पट्टा आवळला की बूड दाबलं जातं आणि पाय गाडीवर असतानाच फाकतात, किंवा फाकायला जागा नसली तर सळई वाकते. त्यावर कंपन्यांनी बुडाचा फिरणारा तुकडा छोटा करून बाकीचं बूड स्थिर आणि सपाट ठेवलं, काहींनी पाय बांधून ठेवायला पट्टी दिली. स्थिर भाग वाढला तशी कडही रुंद झाली, त्यामुळे गाडीसाठी केलेल्या बदलाने जमिनीवरचा तोल आपोआप सुधारला, हे मला गमतीचं वाटतं.

काकांनी त्या बॅगेला शेवटी काय केलं तर जुनं बूड खालून तसंच ठेवून त्यावर नायलॉनच्या शीटची तीन मिलिमीटरची पट्टी सरळ कडेने बसवली, सळई ३१६ ची घातली, रिव्हेट अल्युमिनियमचे मारले आणि खोबणीत होडीच्या सामानातलं ग्रीस भरलं. वजन वाढलं अगदी थोडं. बॅगवाल्याने आल्या आल्या पाय उघडून बघितले, खटकन उघडले, पैसे दिले आणि गेला, बूड काही त्याने बघितलं नाही.