अँटीव्हायरस काढला, तरी कॉम्प्युटर अडतोय?

नवं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना मध्येच अडकतं. वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण एकही वेबसाइट उघडत नाही. अशी तक्रार आली की आम्ही आधी विचारतो, पूर्वी कुठला अँटीव्हायरस होता? ‘तो तर केव्हाच काढला,’ हे उत्तर ठरलेलं!

अँटीव्हायरस इतर प्रोग्रामसारखा वरवर बसत नाही. प्रत्येक फाइल उघडताना तपासता यावी म्हणून तो विंडोजच्या गाभ्यात आपले ड्रायव्हर, म्हणजे सतत चालणारे छोटे प्रोग्राम, बसवतो. अनइन्स्टॉल मध्येच तुटलं किंवा त्यानंतरचं रीस्टार्ट राहून गेलं, की ते ड्रायव्हर मागे राहतात आणि नव्या अँटीव्हायरसशी त्यांची झटापट सुरू होते.

खात्री करायची असेल तर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा, एफ-एल-टी-एम-सी (fltmc) ही पाच अक्षरं टाइप करा आणि एंटर दाबा. ड्रायव्हरच्या यादीत ‘अल्टिट्यूड’चा, म्हणजे ड्रायव्हरच्या क्रमांकाचा, रकाना दिसेल. त्यातले 320000 ते 329999 हे आकडे अँटीव्हायरससाठी राखीव आहेत. 328010 हा विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचा, म्हणजे डिफेंडरचा, त्याला हात लावू नका. या पट्ट्यात काढून टाकलेल्या कंपनीचा ड्रायव्हर दिसला, तर चोर सापडला.

नॉर्टन, मॅकॅफी, अवास्ट, कॅस्परस्की, ईसेट या सगळ्यांची स्वतःची रिमूव्हल टूल्स आहेत. ती त्या-त्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर दिसणारी जाहिरात म्हणजे ती साइट नव्हे. आधी रीस्टोर पॉइंट करा, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येईल. ईसेटचं टूल सेफ मोडमध्येच (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू होतं तेव्हा) चालवायचं असतं. सेफ मोडमध्ये जाताना बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती हाताशी असू द्या. टूलनंही काम झालं नाही, तर तोच अँटीव्हायरस पुन्हा पूर्ण इन्स्टॉल करून नीट काढा. उलटा वाटतो, पण हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) शिरून कंपनीचं नाव दिसेल ती नोंद उडवू नका. काही अँटीव्हायरस कीबोर्डच्या ‘अप्परफिल्टर्स’ नोंदीतही, म्हणजे कीबोर्डसाठीच्या ड्रायव्हरच्या यादीतही, आपलं नाव घालतात. ती अख्खी नोंद उडवली की कीबोर्डच बंद पडतो, मग पासवर्ड तरी कशानं टाकणार?

शेवटी रीस्टार्ट करून ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये डिफेंडर किंवा तुमचा नवा अँटीव्हायरस चालू दिसतोय ना, ते बघा. मशीन आमच्याकडे आणायचं ठरवलंत, तर जुन्या अँटीव्हायरसचं नाव आणि बिटलॉकरची की सोबत आणा.