थोडं थोडं प्यायलं तर समुद्राचं पाणी चालतं?

शिडाच्या बोटीने लांबच्या सफरीला निघणाऱ्यांना हा सल्ला हमखास मिळतो: गोडं पाणी कमी पडलं तर त्यात थोडं समुद्राचं मिसळा, साठा पुरतो.

ऐकायला हे पटतं, पण हिशोब जुळत नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मूत्रपिंडं कितीही ताणली तरी लघवीच्या एका लिटरमधून साधारण २० ग्रॅमच मीठ बाहेर टाकू शकतात. म्हणजे ते एक लिटर निपटायला दीड लिटरहून जास्त पाणी खर्ची पडतं आणि वरची तूट शरीरातून भरली जाते. घोट लहान घेतले तरी हे गुणोत्तर बदलत नाही. गोड्या पाण्यात मिसळलं तर साठा फुगल्यासारखा दिसतो, इतकंच; मिसळलेला भाग उलट गोडं पाणीच खातो. पडताळायचं असेल तर एक लिटर समुद्राचं पाणी पूर्ण आटवा आणि मागे उरलेल्या क्षारांचं वजन करा.

खरा उपाय निघण्याआधीचा: पुरेसं पाणी मोजून भरणं. उदाहरणार्थ, अटलांटिक ओलांडताना कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंत सुमारे २,७०० सागरी मैल, रोजचे १३० धरले तर २१ दिवस. चार माणसं, उष्ण हवेत माणशी रोज ३ लिटर: २५२ लिटर. त्यावर निम्मं राखीव, म्हणजे ३७८. खारं पाणी गोडं करणारं यंत्र या हिशोबात धरूच नये. पंप किंवा मीठ गाळणारा पडदा बिघडला की ते निव्वळ ओझं. साठा किमान दोन टाक्यांत विभागा, शिवाय काही सुटे कॅन ठेवा. टाकी भरायच्या डेकवरच्या तोंडाच्या झाकणाचं रबर झिजलं, तर एकाच लाटेत अख्खी टाकी खारट होते.