राल्फ आणि जॅक आले कुठून?

निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांची, विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी वाचताना राल्फ आणि जॅक ही दोन साधी इंग्रजी नावं वाटतात. ती उसनी आहेत, तीही मुद्दाम घेतलेली. १८५७ साली आर. एम. बॅलंटाइन या स्कॉटिश लेखकाची ‘द कोरल आयलंड’ आली. जहाज फुटून राल्फ, जॅक आणि पीटरकिन पॅसिफिकमधल्या एका बेटावर पोचतात आणि तिथे गुण्यागोविंदानं राहतात. वाईट जे काही येतं ते बाहेरून येतं: चाचे, नरभक्षक. इंग्रज मूल मुळातच सभ्य असतं, हे त्या कादंबरीनं गृहीतच धरलं होतं.

गोल्डिंगचा हा विश्वास दुसऱ्या महायुद्धात गेला. १९४० मध्ये तो नौदलात गेला, ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेच्या पाठलागात होता, आणि १९४४ च्या नॉर्मंडीच्या स्वारीत रॉकेट डागणाऱ्या नौकेवर होता. मधमाशी मध तयार करते तसा माणूस दुष्टपणा तयार करतो, हे ती वर्षं पाहूनही ज्याला कळलं नाही तो आंधळा किंवा वेडा असावा, असं त्यानं पुढे लिहिलं. युद्धानंतर तो सॅलिसबरीच्या शाळेत पुन्हा शिकवू लागला. समोर रोज मुलंच. ती बेटावर खरोखर कशी वागतील, असा प्रश्न त्यानं बायकोपुढे काढला, आणि तिनं लिहायलाच लावलं.

हस्तलिखिताचं नाव होतं ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम विदिन’, म्हणजे आतूनच उपजलेले परके. मला हे मूळ नाव फार महत्त्वाचं वाटतं, कारण बॅलंटाइनला दिलेलं सगळं उत्तर त्यात आहे. अनेक प्रकाशकांनी ते परत पाठवलं. ‘फेबर’ या प्रकाशनसंस्थेच्या वाचकानंही रटाळ आणि निरर्थक असा शेरा मारला होता. चार्ल्स माँटिथ या नव्या संपादकानं ते नाकारलेल्या गठ्ठ्यातून उचललं आणि सुरुवातीचा अणुयुद्धाचा भाग काढायला लावला. सप्टेंबर १९५४ मध्ये पुस्तक आलं, ते ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या नव्या नावानं. ‘बेल्झेबब’ या सैतानाच्या हिब्रू नावाचा अर्थच माश्यांचा स्वामी.

मुलं ज्या श्वापदाला भितात ते कधी समुद्रातलं वाटतं, कधी डोंगरावरचं. ते आपणच असू, हे त्यांच्यातल्या सायमनला सुचतं, आणि खांबावर खोचलेलं, माश्यांनी भरलेलं डुकरिणीचं डोकं त्याला तेच सांगतं. हा सायमन म्हणजे जुन्या पीटरकिनचीच जागा. बायबलमधल्या पीटरचं आधीचं नाव सायमन. शंख म्हटलं की आपल्याला आरती किंवा कुरुक्षेत्र आठवतं. इथे तो ज्याच्या हातात त्यालाच बोलायचा हक्क, म्हणजे चिमुकली लोकसभाच.

पिगीला मात्र ‘कोरल आयलंड’मध्ये पूर्वज नाही. लठ्ठ, दम्याचा, चष्मा लावणारा, गरिबाघरची इंग्रजी बोलणारा मुलगा त्या साहसकथेत मावलाच नसता. (मुलं त्याच्याच चष्म्यानं आग पेटवतात; पण लघुदृष्टीच्या चष्म्यानं सूर्यकिरण एकवटत नाहीत, त्यामुळे त्यानं आग पेटणं अशक्य, ही चूक गोल्डिंगकडून राहून गेली.) मला पिगी म्हणू नका, एवढंच तो पहिल्या दिवशी विनवतो. राल्फ ते सगळ्यांना सांगून टाकतो. शेवटी नौदलाच्या अधिकाऱ्यापुढे राल्फ मारल्या गेलेल्या त्याच मित्रासाठी रडतो. त्याचं खरं नाव तोवर कुणीच विचारलेलं नसतं.