मिडल-अर्थमधले एल्फ

मिडल-अर्थ हे जे. आर. आर. टोलकीन (१८९२-१९७३) या इंग्लिश प्राध्यापक-लेखकाने रचलेलं काल्पनिक जग, आणि एल्फ ही तिथली सगळ्यात जुनी बोलणारी जमात. आज गेममध्ये, सिरीजमध्ये, सिनेमात जे उंच, देखणे, धनुष्यबाण घेतलेले एल्फ दिसतात त्यातले बरेचसे इथूनच आलेत. पण नेम धरण्यापलीकडे या लोकांचं खूप काही आहे. त्यांना म्हातारपणाने मरण येत नाही, ही एक गोष्ट धरून बसलं की त्यांची लग्नं, नावं, कॅलेंडर, भांडणं सगळंच हळूहळू कळायला लागतं.

टोलकीनने एल्फ शून्यातून काढले नाहीत. नॉर्स पुराणांत 'आल्फर' आहेत, तेराव्या शतकातल्या आइसलँडच्या स्नॉरी स्टुर्लुसनने त्यांचे उजळ आणि काळे असे दोन प्रकार सांगितलेत, आणि जुन्या इंग्रजीत तर माणसाला किंवा गुराला अचानक कळ आली की एल्फने अदृश्य बाण मारला म्हणायचे. पुढे व्हिक्टोरियन काळात त्यांच्या फुलावर बसणाऱ्या पंखवाल्या चिमुकल्या पऱ्या झाल्या, ते टोलकीनला नंतर अजिबात आवडेना. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईनंतर आजारी पडून तो परत आला, त्या १९१६-१७च्या सुमाराला त्याने गॉन्डोलिन या एल्फनगरीच्या पाडावाची कथा लिहिली. पुढे 'द हॉबिट' १९३७ला आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ला आलं, पण एल्फांचा खरा इतिहास ज्यात आहे ते 'सिल्मारिलियन' तो गेल्यावर १९७७ला मुलाने, ख्रिस्तोफरने, संपादित करून काढलं. मुलाने नंतर बाकीचे कागदही छापले, त्यात एकाच गोष्टीचे चार-चार खर्डे आहेत, त्यामुळे एल्फांबद्दल 'अंतिम सत्य' शोधायला गेलात तर डोकं धराल.

उत्पत्तीची कथा अशी. सूर्य-चंद्र अजून नव्हते, फक्त चांदण्या होत्या, तेव्हा पूर्वेला कुइव्हिएनेन नावाच्या पाण्याकाठी पहिले एल्फ झोपेतून जागे झाले. आईच्या पोटी जन्म नाही, बालपण नाही, थेट मोठे होऊनच उठले. एल्फ मुलांना सांगायच्या एका गोष्टीत इमिन, टाटा आणि एनेल हे तिघं आधी उठतात, बायकांना उठवतात, मग रानात अजून कोण कोण झोपलंय ते बघत फिरतात आणि शेवटी एकूण १४४ भरतात. ही गोष्ट मुळात आकडे शिकवायची आहे, कारण एल्फ सहा आणि बाराच्या पटीत मोजायचे.

वालार, म्हणजे त्या जगाचा कारभार बघणाऱ्या दैवी शक्ती, त्यांना यांचा पत्ताच नव्हता. ओरोमे हा शिकारी वालार योगायोगाने तिथे पोचला, पण त्याआधीच मेल्कोर या बंडखोर, दुष्ट वालारने (पुढचा मॉर्गॉथ) काही एल्फ पळवले होते. त्यांचे हाल करून ऑर्क, म्हणजे त्याचे राक्षसी सैनिक, घडवले असं सिल्मारिलियनमध्ये येतं, टोलकीन स्वतः मात्र नंतर या उत्तरावर खूश नव्हता. मग वालारांनी मेल्कोरला बेड्या घातल्या आणि एल्फांना पश्चिमेला, समुद्रापार, आपल्याकडे राहायला बोलावलं. हे बोलावणं चुकलंच असं माझं मत, आणि पुस्तकातही काही वालारांचा विरोध होता. जे निघाले ते एल्डार, ज्यांनी नको म्हटलं ते आवारी. निघालेल्यांचे तीन गट: वान्यार, नोल्डोर आणि संख्येने सगळ्यात जास्त टेलेरी. टेलेरींचे वाटेतच तुकडे पडत गेले. त्यांचा राजा एल्वे रानात मेलियन या दैवी स्त्रीला भेटला आणि तिच्याकडे बघत वर्षानुवर्षं नुसता उभा राहिला, लोक शोधून शोधून थकले, त्याच्यासाठी जे मागे थांबले ते सिंडार. हाच पुढे थिंगॉल म्हणून राज्य करतो.

समुद्रापार नोल्डोरांनी कारागिरीत कमाल केली आणि घोटाळाही त्यांनीच केला. फेआनोरने तीन रत्नं घडवली, सिल्मारिल. सुटून आलेल्या मेल्कोरने फेआनोरच्या बापाला मारून ती पळवली, तेव्हा फेआनोर आणि त्याच्या सात मुलांनी शपथ घेतली की रत्न ज्याच्या हातात दिसेल त्याला सोडणार नाही, मग तो कोणीही असो. पाठलागाला जहाजं हवी होती, किनाऱ्यावरच्या टेलेरींनी दिली नाहीत, तर नोल्डोरांनी त्यांना कापून जहाजं घेतली. एल्फांच्या हातून एल्फ मेले ते पहिल्यांदा इथे. एल्फ म्हणजे शांत, सात्त्विक, ही जी इमेज आहे ती या प्रकरणानंतर टिकत नाही. शिवाय मारणारे आणि मार खाणारे दोघंही हजारो वर्षं जिवंत राहणार, त्यामुळे विसरून जाण्याची सोयच नाही. थिंगॉलला कळलं की मेलेले आपल्या भावाच्या प्रजेतले होते, तेव्हा त्याने आपल्या राज्यात नोल्डोरांच्या क्वेन्या भाषेवर बंदीच घातली. रोजच्या व्यवहारात सिंडारिन आली आणि क्वेन्या मंत्र, गाणी, समारंभापुरती उरली. भाषाशास्त्रज्ञ असल्यामुळे टोलकीनने या दोन्ही भाषा व्याकरणासकट बनवल्या, क्वेन्यावर फिनिशची छाप आणि सिंडारिनवर वेल्शची.

मरण नाही म्हणजे अगदीच नाही असं नाही. शस्त्राने किंवा अति दुःखाने एल्फ मरतो, पण आत्मा जग सोडून जात नाही, मेलेल्यांना सांभाळणाऱ्या मांडोस या वालारच्या दालनांत जातो आणि काही काळाने त्याला पुन्हा देह मिळू शकतो. आपल्याला हे ऐकून पुनर्जन्म आठवेल, आणि आधी टोलकीननेही तसंच लिहिलं होतं, मूल म्हणून परत जन्म. नंतर ते काढून तोच जुना देह पुन्हा मिळतो असं केलं. आता यात लग्नाचं बघा. बायको मेली तरी ती परत येऊ शकते, मग दुसरं लग्न कसं करणार? म्हणून लग्न एकदाच. अपवाद फेआनोरचा बाप फिन्वे: त्याची बायको मीरिएल बाळंतपणानंतर इतकी थकली की जगायलाच नको म्हणाली, मग तिने कधीच देहात परतायचं नाही या अटीवर त्याला दुसरं लग्न करू दिलं. सावत्र भावांची भांडणं मग ओघाने आलीच.

घरगुती चालीरीती फारशा कोणाला माहीत नसतात. साखरपुड्याला चांदीच्या अंगठ्या, लग्नात सोन्याच्या, त्या उजव्या हाताच्या तर्जनीत. गर्भ वर्षभर वाढतो आणि वाढदिवस जन्माचा नाही, गर्भ राहिल्याचा मोजतात. शरीर पुरतं वाढायला पन्नास वर्षं, कधी शंभरही. मुलं फार नसतात, चारच्या वर क्वचित, फेआनोरचे सात हा रेकॉर्डच. बापाने एक नाव ठेवायचं, आईने नंतर स्वभाव बघून दुसरं, आणि लोक तिसरं द्यायला मोकळे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गॅलाड्रिएल या एल्फ बाईचं हे नाव तिसरंच, नवऱ्याने दिलेलं. नोल्डोरांत रोजचा स्वयंपाक बहुतेक पुरुषांकडे असतो, फक्त प्रवासात पुरणारी लेम्बास नावाची भाकरी बायकाच करतात. वैद्यकी जास्त करून बायकांकडे, आणि वैद्य असलेल्या बायका सहसा शिकारीला जात नाहीत.

कॅलेंडरही त्यांच्या आयुष्याच्या मापाचं. आठवडा सहा दिवसांचा, ऋतू सहा (हे आपल्याला चटकन पटतं), आणि 'येन' म्हणून जे मोठं वर्ष मोजतात ते आपल्या १४४ वर्षांचं.

लिपीबद्दल मराठी वाचकाने थांबून बघावंच. फेआनोरच्या तेंग्वार लिपीत २४ मुख्य अक्षरं, एक दांडा आणि एक कमान अशी रचना. त/प/क यांसारख्या उच्चाराच्या जागेप्रमाणे उभे वर्ग, आणि कमान दुप्पट केली की त चा द, प चा ब होतो. दांडा वर ताणला की घर्षणाचा उच्चार. क्वेन्यात स्वर अक्षराच्या डोक्यावर टिंबं-रेघा म्हणून बसतात, आपल्या मात्रांसारखे. वर्णमाला वर्गावर्गाने पाठ केलेल्या माणसाला ही लिपी रोमनपेक्षा लवकर जमेल.

दुसऱ्या युगात फेआनोरचा नातू केलेब्रिंबोर याने तीन अंगठ्या घडवल्या, त्या लढायला नव्हत्या, जे आहे ते कोमेजू नये म्हणून होत्या. रिव्हेंडेल आणि लोथलोरिएन या एल्फांच्या वस्त्या टिकल्या त्या त्यांच्याच जोरावर, आणि मॉर्गॉथचा चेला सॉरॉन याची ती एकमेव मुख्य अंगठी नष्ट झाल्यावर या तिघींचीही ताकद गेली. उरलेल्या एल्फांपुढे दोनच वाटा, जहाजाने पश्चिमेला जाणं किंवा इथेच राहून हळूहळू देह विरत जाणं.

आणि टोकदार कान? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये एल्फांचे कान टोकदार असल्याचं कुठेही सरळ लिहिलेलं नाही. टोलकीनच्या भाषाविषयक टिपणांत पानाच्या आकाराच्या कानांचा एक ओझरता उल्लेख आहे, तेवढ्यावर फॅन लोक वर्षानुवर्षं वाद घालतायत. दाढीचंही तसंच, एल्फांना दाढी नसते म्हणावं तर जहाजं बांधणाऱ्या म्हाताऱ्या किरदानला चांगली लांब दाढी दिलीय.