पार्श्वभूमी: कॉन्फोकलचा फिल्टर बदलणं म्हणजे नुसती काच बदलणं का नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या लॅबमधल्या जुन्या कॉन्फोकलचा, म्हणजे लेझरने सॅम्पलचा एकेक ठिपका उजळून चित्र जुळवणाऱ्या मायक्रोस्कोपचा, हिरवा चॅनल (हिरव्या उजेडातलं चित्र) मंद व्हायला लागला. पोरांनी आधी डायला, म्हणजे सॅम्पलमध्ये चमकणाऱ्या रंगाला, दोष दिला, मग लेझरला, मग केळीच्या मुळांना, म्हणजे सॅम्पललाच. शेवटी लेझरची चावी काढून कव्हर उघडलं, एमिशन फिल्टर, म्हणजे सॅम्पलकडून येणाऱ्या उजेडातला हवा तोच रंग पुढे सोडणारी काच, रिंगला धरून बाहेर घेतला आणि ट्यूबलाइटसमोर धरला, तर कडेकडेने आत सरकत आलेली पांढुरकी जाळी, शिळ्या भाकरीवर बुरशी चढते तशी, आणि मधे शर्टाच्या बटणाएवढाच भाग स्वच्छ. शेजारच्या डिपार्टमेंटचे नाना बघून म्हणाले, "काच तर आहे भो, नवी आणा अन् बसवा." त्यांचं म्हणणं एके काळी अगदी बरोबर होतं. ते कधी आणि कशामुळे बदललं ते माहीत असलं तर पुढचा गोंधळ कळतो, म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीच्या फ्लोरेसेन्स मायक्रोस्कोपमध्ये (एका रंगाचा प्रकाश टाकला की सॅम्पल दुसऱ्या रंगाने चमकतं, ते बघायचा मायक्रोस्कोप), म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या, फिल्टर म्हणजे रंगीत काच नाहीतर मोरचुदाच्या निळ्या पाण्याने भरलेली काचेची डबी. बदलायचा म्हणजे पाणी ओतायचं आणि नवीन भरायचं. डायक्रोइक आरसा, जो निळा प्रकाश सॅम्पलकडे वळवतो आणि परत येणारा हिरवा सरळ जाऊ देतो, तो १९६० च्या दशकाच्या शेवटी रोजच्या वापरात आला, आणि एक्सायटेशन (सॅम्पलवर टाकायचा रंग निवडणारा फिल्टर), डायक्रोइक, एमिशन असे तिन्ही एका ठोकळ्यात बसवायची पद्धत पडली. ठोकळा काढा, दुसरा घाला. आजही साध्या फ्लोरेसेन्स मायक्रोस्कोपवर हेच चालतं.

कॉन्फोकलचं पेटंट १९५७ चं, मंजूर १९६१ ला. त्यात लेझर नव्हता, लेझरच मुळी १९६० साली आला. बाजारात चालणारं लेझर स्कॅनिंग मशीन १९८७ च्या सुमारास आलं आणि फिल्टरचं कामच बदललं. दिव्यातून हवा तो रंग गाळून घ्यायची गरज संपली कारण लेझर मुळातच एका रंगाचा, आर्गॉनचा ४८८ आणि ५१४ नॅनोमीटर, क्रिप्टॉन-आर्गॉनचा ५६८ आणि ६४७. पण डायक्रोइकवर दोन कामं पडली. तो रंग वेगळे करतो आणि लेझरचा किरण वळवतोसुद्धा, आणि तो किरण सॅम्पलवर जिथे पडला तिथूनच आलेला प्रकाश पुढे केसाच्या जाडीएवढ्या पिनहोलमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, जायला हवा. ठोकळ्यातला आरसा जरा तिरका बसला तरी साध्या मायक्रोस्कोपवर फार बिघडत नाही, कॉन्फोकलवर मात्र तेवढ्यानेच चित्र काळं पडतं. एमिशन फिल्टर बहुतेक मशीनमध्ये पिनहोलच्या मागे असतो, त्यामुळे तो बदलला तरी अलाइनमेंट, म्हणजे किरण आणि छिद्राची जुळणी, हलत नाही. म्हणजे "फिल्टर बदलला" या एका वाक्यात दोन वेगळी कामं येतात, एक दहा मिनिटांचं आणि एक अख्ख्या दिवसाचं, आणि सर्व्हिसच्या कागदावर दोन्हीला एकच शब्द लिहिलेला असतो.

१९९० च्या दशकातले फिल्टर सॉफ्ट कोटिंगचे. झिंक सल्फाइड आणि क्रायोलाइटचे पातळ थर एकावर एक, दोन काचांच्या मधे चिकटवलेले. क्रायोलाइटला ओल सोसत नाही. कडेचं सील जरा सुटलं की दमट हवा आत शिरते आणि थर सुटायला लागतात, म्हणून खराबी नेहमी कडेपासून आत येते. आता आपल्याकडचं हवामान बघा, मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास, खोलीत एसी लावून २२ केलेलं, लाइट गेली की दोन तासात खोली भट्टी, आली की परत गार, आणि त्यानंतर चार महिने पावसाळा. गरम-गार करून करून सील ढिलं होतं आणि मग ओल आत जाते. मशीन बनवणाऱ्यांनी फिल्टरचं आयुष्य कुठल्या तरी थंड देशातल्या खोलीवर धरलं असणार, आमच्या खोलीवर नाही, आणि याचा विचार खरेदीच्या वेळी कोणीच केला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

हार्ड कोटिंग आलं ते टेलिकॉममधून. एकाच फायबरमधून अनेक रंगांचे सिग्नल पाठवायला अतिशय काटेकोर फिल्टर लागत होते, त्यासाठी आयनांचा मारा करून टॅन्टॅलम किंवा नायोबियमचं ऑक्साइड आणि सिलिकाचे थर बसवायची यंत्रं तयार झाली, आणि २००० नंतर ती लाट ओसरली तशी हीच विद्या मायक्रोस्कोपकडे जोरात वळली. थर दगडासारखे टणक, एकाच काचेवर, चिकटवायची भानगड नाही, हवा तो प्रकाश ९० टक्क्यांच्या वर पार जातो. आमच्यासारख्या ठिकाणी हे फार आधी यायला हवं होतं. पण जुन्या मशीनमध्ये नवा डायक्रोइक बसवताना जाडीचा प्रश्न येतो. ४५ अंशात ठेवलेली १ मिलिमीटर काच आरपार जाणाऱ्या किरणाला साधारण ०.३३ मिलिमीटर बाजूला सरकवते, २ मिलिमीटरची सरकवते ०.६६. जुनी १ ची होती आणि नवी २ ची आली तर किरण मिलिमीटरचा तिसरा हिस्सा सरकला, आणि पुढे पिनहोल केसाएवढा. पातळ काच घेतली तर ती स्क्रू आवळताना वाकते आणि फोकस बिघडतो, म्हणून कॉन्फोकलवाले जाड मागतात. कोनाचंही तसंच, काही कंपन्यांनी पुढे डायक्रोइक ४५ ऐवजी बराच कमी कोनात ठेवला, कारण त्यात रंगाचा कट (जिथे परतणारा रंग संपतो आणि आरपार जाणारा सुरू होतो) जास्त तीव्र मिळतो. ४५ साठी बनवलेला आरसा तिथे लावला तर कट लाल बाजूला सरकतो आणि हिरव्यातला चांगला भाग हातचा जातो.

आता बाणाबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलंय. फिल्टरच्या रिंगवर छोटा बाण कोरलेला असतो. आपल्याकडे हाताने लिहिलेल्या सूचनांमध्ये, आणि मी स्वतः लिहिलेल्या एका कागदावरसुद्धा, एक वाक्य असतं, "बाण प्रकाशाच्या दिशेने ठेवा." हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येतं. एकाला वाटतं बाणाचं टोक प्रकाश जिकडून येतो तिकडे, म्हणजे दिव्याकडे तोंड. दुसऱ्याला वाटतं प्रकाश जिकडे जातो तिकडे टोक. बरोबर उलटं, आणि दोघंही मराठी बरोबरच वाचतात. बरं, हा घोळ फक्त भाषेचा नाही, बनवणाऱ्यांमध्येच एकमत नाही, कोणाचा बाण प्रकाश ज्या बाजूने येतो तिकडे बोट दाखवतो, कोणाचा प्रकाशाचा प्रवास दाखवतो, आणि डायक्रोइकवर तर बऱ्याचदा बाण नसतोच, एखादा कोपरा कापलेला किंवा कडेला खूण, तिचा अर्थ त्या त्या कंपनीचा. दहा-पंधरा वर्षांत तीन ठिकाणचे फिल्टर एकाच मशीनमध्ये जमा झाले की मागचा बघून पुढचा लावणारा हमखास फसतो.

एमिशन फिल्टर उलटा लागला तर चित्र येतं, जरा पार्श्वभूमी वाढते, कोणाच्या लक्षातही येत नाही. डायक्रोइक उलटा लागला तर लेझर आधी काचेतून जातो, मागच्या कोटिंगवरून परततो, परत काचेतून येतो, पुढच्या पृष्ठभागावरून आलेला थोडा प्रकाश त्यात मिसळतो आणि भूतासारखी दुसरी छबी दिसते. म्हणून मी बाणावर भरवसा ठेवणं सोडलं. डायक्रोइकच्या जवळ कागदाचं टोक न्यायचं, टेकवायचं नाही, आणि तिरकं बघायचं. कोटिंगची बाजू असेल तर टोक आणि त्याचं प्रतिबिंब जवळजवळ चिकटतं, मागची बाजू असेल तर दोघांत काचेच्या जाडीएवढी फट राहते आणि काचेची कडही दिसते. ही कोटिंगची बाजू लेझरकडे. यात शब्दाचा खेळ उरत नाही.

आकड्यांचाही घोळ आहे, पण तो लवकर निस्तरतो. फिल्टरवरचं ५२५/५० म्हणजे मध्य ५२५ नॅनोमीटर आणि एकूण रुंदी ५०, म्हणजे ५०० ते ५५०. बरेच जण ५२५ च्या दोन्हीकडे ५०-५० धरतात आणि मागवताना दुप्पट अरुंद नाहीतर दुप्पट रुंद फिल्टर मागवून बसतात. जुन्या मशीनमध्ये ५१५ च्या पुढचं सगळं पार जाऊ देणारे लाँगपास फिल्टर भरपूर होते, प्राण्यांच्या पेशींसाठी ते चालून गेले. आपल्या भागातलं काम केळी आणि कापसाचं, पानातल्या क्लोरोफिलचा लाल उजेड ६८० च्या आसपास इतका जोरात येतो की लाँगपासमध्ये तो हिरव्या सिग्नलवर चढतो आणि पोरगं (हिरवं चमकलं म्हणजे जीन चालू असं धरून) आनंदाने सांगतं की जीन सगळीकडे चालू आहे. बँडपास, म्हणजे ठरावीक पट्टाच सोडणारा फिल्टर, घेतला की उजेड कमी येतो म्हणून वरिष्ठ कुरकुरतात, तरी पानासाठी बँडपासच घ्यावा असं माझं मत आहे.

२००० च्या आसपास फिल्टरशिवाय चालणारी मशीनंही आली, प्रिझम किंवा ग्रेटिंगने रंग पसरवून हवा तेवढाच पट्टा घेणारी, आणि डायक्रोइकच्या जागी ध्वनिलहरींनी रंग निवडणारा स्फटिक. मोठ्या शहरातल्या संस्थांनी ती घेतली, त्यांची जुनी मशीनं आमच्यासारख्यांकडे आली, आणि ज्यांना ठोकळा हाताने बदलता येत होता ते लोक रिटायर झाले. एएमसी (कंपनीचा वार्षिक देखभाल करार) संपली की कव्हर उघडायलाच कोणी धजत नाही.

आमच्या मशीनमध्ये शेवटी हार्ड कोटिंगचा ५२५/५० बसवला. लावण्याआधी लेझर चालू ठेवून जुन्या सेटिंगवर फ्लोरेसेन्ट प्लास्टिकच्या स्लाइडचा फोटो काढून ठेवला होता, लावल्यावर त्याच सेटिंगवर परत काढला, उजेड जवळजवळ दुप्पट. आधीचा माझा कागद फाडून टाकला, आणि कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलं: डायक्रोइकची चकाकती (कोटिंगची) बाजू लेझरकडे, एमिशनची चकाकती बाजू सॅम्पलकडे, बाण बघू नका.